जुन्या फोर-बाय-फोर गाडीच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग: उघडण्यापासून अचूक बसवण्यापर्यंत

पुढच्या चाकाचे नवे बेअरिंग घातल्यावर थोड्याच दिवसांत ते पुन्हा वाजू लागले, की दोष बहुधा बेअरिंगवर ढकलला जातो. प्रत्यक्षात अशी बेअरिंग उघडून पाहिल्यास तीच ती कारणे समोर येतात: काम करताना आत गेलेली धूळ, हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागात, तळापर्यंत न बसलेला कप (बेअरिंगची बाहेरची कडी) आणि चुकीच्या क्रमाने आवळलेला नट. यातील तिसरी चूक सर्वांत अधिक होते. हब न फिरवता नट घट्ट आवळला जातो, अंदाजाने थोडा सैल केला जातो, वरचा लॉकनट ओढला जातो आणि मोजमाप न करताच चाक चढवले जाते. पुढील कृती मुख्यतः हा क्रम सुधारण्यासाठी दिली आहे.

ही कृती अखंड पुढचा अ‍ॅक्सल असलेल्या आणि प्रत्येक हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असलेल्या गाड्यांसाठी आहे. टोयोटा लँड क्रूझरच्या जुन्या मालिका, लँड रोव्हरच्या सीरीज गाड्या, जीप सीजे आणि याच पद्धतीच्या इतर गाड्यांची मूळ रचना सारखी असते. स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या स्थिर दांड्यावर, आतले बेअरिंग, बाहेरचे बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, समायोजनाचा नट, लॉक वॉशर आणि लॉकनट या क्रमाने भाग बसतात. काही गाड्यांत दुसऱ्या नटाऐवजी छोट्या स्क्रूंनी बसणारी लॉक प्लेट असते. नव्या गाड्यांमधील बंद हब युनिटला समायोजन नसते. त्यांना ही कृती लागू नाही.

## उघडण्यापूर्वी: दोष बेअरिंगचाच आहे का?

पुढचे चाक जमिनीपासून उचलून वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. खडखड जाणवली, तर मदतनिसाला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगून चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर प्ले (मोकळी हालचाल) बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही ती कायम राहिली, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळते तो सांधा) झिजलेला आहे आणि हब उघडून त्यावर काहीही उपाय होणार नाही. ही चाचणी न करता बेअरिंगचा नट आवळत राहिल्यामुळे चांगली बेअरिंग जळून जातात, म्हणून ती कधीही टाळू नये.

आवाजाचे निदान अधिक अवघड असते, कारण मोठ्या नक्षीचे ऑफ-रोड टायर स्वतःच घुमतात. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो: डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, त्यामुळे त्या वेळी गुरगुर वाढली तर संशय उजव्या हबवर घ्यावा. चाक उचलून एका हाताने फिरवावे आणि दुसरा हात कॉइल किंवा पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला स्पष्ट जाणवते.

## टप्पा 1: साहित्य आणि जागेची तयारी

गाडीचे मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे ही पहिली तयारी आहे. या लेखात दिलेले आकडे पद्धत समजण्यासाठी आहेत. आपल्या गाडीचा आकडा वेगळा असल्यास तोच प्रमाण मानावा.

पुढील साहित्य काम सुरू करण्यापूर्वीच हाताशी असावे:

- दोन मजबूत जॅक स्टँड आणि मागच्या चाकांसाठी चार ओटे (गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायच्या पाचरी)
- हब नटाचा योग्य मापाचा सॉकेट (लँड क्रूझरच्या अनेक मॉडेलांत तो 54 मिमीचा असतो), टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना), सर्कलिपचे (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीचे) पक्कड
- पितळी ड्रिफ्ट (टेकवून ठोके देण्याचा दांडा) आणि पितळी किंवा कॉपर हातोडी
- चुंबकी स्टँडसह डायल गेज किंवा स्प्रिंग काटा. कोणते साधन लागेल ते मॅन्युअलमधील पद्धतीवर ठरते
- केरोसीन, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारे कापड, झाकण असलेले दोन डबे
- प्रत्येक बाजूसाठी नवे सील, नवा लॉक वॉशर आणि फ्लँजचे (शाफ्ट हबला जोडणाऱ्या चकतीचे) नवे गॅस्केट
- चाकाच्या बेअरिंगसाठीचे एनएलजीआय 2 दर्जाचे (हा दर्जा ग्रीसचा घट्टपणा सांगतो) लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस

हब नट छिन्नी आणि हातोडीने फिरवण्याची जुनी सवय सोडून द्यावी. छिन्नीने नटाच्या कडा फाटतात आणि त्यातून सुटलेले पोलादी कण थेट बाहेरच्या बेअरिंगवर पडतात. शिवाय छिन्नीने नट फिरवून टॉर्क मोजता येत नाही, म्हणजे या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पाच हातातून जातो. हा सॉकेट एकदाच विकत घ्यावा लागतो आणि गाडी असेपर्यंत उपयोगी पडतो.

ग्रीसच्या निवडीबाबतही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. साध्या लिथियम ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट (ग्रीस पातळ होऊन थेंब पडू लागण्याचे तापमान) सुमारे 190 अंश सेल्सिअस असतो, तर लिथियम कॉम्प्लेक्सचा सुमारे 260 अंश. डोंगरातील लांब उतारावर डिस्क तापते आणि ती उष्णता हबमध्ये उतरते. तेथे हा फरक निर्णायक ठरतो. पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीवर आधारित ग्रीस लिथियम ग्रीसमध्ये मिसळल्यास मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते, म्हणून जुने ग्रीस कोणते आहे हे ठाऊक नसेल तर ते शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढावे.

## टप्पा 2: गाडी उचलणे आणि भाग खोलणे

1. गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ओटे लावावेत. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जुन्या जीपच्या काही मॉडेलांत डाव्या बाजूच्या चाकांना उलट आटे असतात. नट सुटत नसेल तर पाइप लावून जोर करण्याआधी बोल्टच्या टोकावरील खूण पाहावी.

2. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावून गाडी उचलावी आणि स्टँडही नळीखालीच, स्प्रिंगच्या जागेजवळ ठेवावा. चेसिसखाली स्टँड लावल्यास अ‍ॅक्सल लोंबकळतो आणि हबवर जोर देताना गाडी डुलते.

> सावधानता: लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे एक मागचे चाक उचलले, तर डिफरन्शियलमधून ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. ओटे लावल्याशिवाय केवळ हँडब्रेकवर विसंबून काम सुरू करू नये.

3. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर उतरवून तारेने स्प्रिंगला टांगावा. तो होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबू देऊ नये. होजचे आतले थर फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ड्रम ब्रेक असल्यास अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करून मगच ड्रम ओढावा, कारण झिजलेल्या ड्रमच्या आतल्या काठाला शू अडकतात.

> सावधानता: जुन्या ब्रेक शू आणि पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ हवेच्या नळीने किंवा तोंडाने कधीही फुंकू नये. ती ओली करून कापडाने पुसावी आणि ते कापड पिशवीत बंद करावे.

4. फ्री-व्हीलिंग हबची (चाक शाफ्टला जोडणाऱ्या किंवा त्यापासून सोडवणाऱ्या भागाची) टोपी किंवा ड्राइव्ह फ्लँजचे झाकण काढावे. आतली सर्कलिप खाचेत घट्ट रुतलेली दिसेल. अनेक गाड्यांत अ‍ॅक्सल शाफ्टच्या टोकाला आटे असतात. त्यात योग्य बोल्ट घालून शाफ्ट बाहेर ओढून धरल्यास खाच मोकळी होते आणि सर्कलिप सहज निघते. काही हबच्या स्टडवर शंकूच्या आकाराचे चिरलेले वॉशर असतात. नट काढल्यावरही ते घट्ट बसून राहतात. नट स्टडच्या टोकापर्यंत सैल ठेवून फ्लँजच्या बाजूवर पितळी हातोडीने टोले दिल्यास ते उडी मारून मोकळे होतात. पट्टी घालून फ्लँज उचकटल्यास गॅस्केटची बैठक खराब होते.

5. लॉक वॉशरचे वाकवलेले कान सरळ करून लॉकनट, वॉशर आणि आतला नट या क्रमाने काढावेत. हब थोडा पुढे ओढून पुन्हा मागे ढकलला, की बाहेरचे बेअरिंग थ्रस्ट वॉशरसह पुढे येते. ते हातात घेऊनच हब पूर्ण बाहेर काढावा.

6. हब पालथा करून आतले सील काढावे. त्याखाली आतले बेअरिंग असते. आतला नट पुन्हा स्पिंडलवर लावून हबला झटका देत सील उपटण्याची पद्धत अनेक जण वापरतात. त्या झटक्यात संपूर्ण जोर बेअरिंगच्या, रोलर जागेवर धरणाऱ्या जाळीवर येतो. बेअरिंग पुन्हा वापरायचे असेल, तर हा प्रकार टाळावा.

> तपासणी: डावे-उजवे आणि आतले-बाहेरचे भाग वेगळ्या डब्यांत, चिठ्ठीसह ठेवले आहेत का? रोलरसह असलेला आतला भाग, म्हणजे कोन, आणि हबमध्ये बसलेला कप यांची जोडी एकमेकांवर घासून बसलेली असते. जुना कोन दुसऱ्या कपात घालू नये, आणि नवा कोन जुन्या कपात तर मुळीच घालू नये.

## टप्पा 3: जुने ग्रीस आणि धातू वाचणे

धुण्यापूर्वी ग्रीस नीट पाहावे, कारण दोषाचे कारण त्यातच असते. राखाडी किंवा दुधाळ रंग आला असेल, तर पाणी आत शिरले आहे. ग्रीस पातळ होऊन त्याला गंधकाचा उग्र वास येत असेल, तर अ‍ॅक्सलचे आतले सील गळून गिअर ऑइल हबपर्यंत पोहोचले आहे. ते सील बदलल्याशिवाय नवे ग्रीस भरणे व्यर्थ आहे. बोटांमध्ये चोळल्यावर चांदीसारखी चकाकी उरली, तर धातू सुटतो आहे.

सर्व भाग केरोसीनमध्ये ब्रशने धुवावेत. पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. पहिल्या डब्यात ढोबळ धुलाई आणि दुसऱ्यात स्वच्छ केरोसीनने अखेरची धुलाई करावी. त्यानंतर ब्रेक क्लीनर मारून भाग पूर्ण वाळू द्यावेत. रोलरमागे राहिलेले केरोसीन नवे ग्रीस पातळ करते.

> सावधानता: कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून वाळवू नये. ग्रीसशिवाय भरधाव फिरल्याने रोलर ओरखडतात, आणि जाळी तुटल्यास ते गोळीसारखे उडून डोळ्याला इजा करू शकतात.

आता उजेडात प्रत्येक कप आणि प्रत्येक रोलर पाहावा. नखाची कड कपाच्या आतल्या पृष्ठभागावरून सावकाश फिरवावी. डोळ्याला न दिसणारी खपली नखाला लागते. वेगवेगळ्या खुणांचे अर्थ असे आहेत:

- रोलरच्या अंतरावर काळ्या आडव्या रेषा: पाणी शिरल्यानंतर गाडी उभी राहिली आणि रोलर टेकले होते तेथे गंज चढला.
- त्याच अंतरावर गुळगुळीत खळगे: मोठा आदळ बसला, किंवा कप बसवताना ठोके रोलरमधून गेले.
- खवले निघालेले किंवा खड्डे पडलेले: पृष्ठभाग थकला आहे, बेअरिंगचे आयुष्य संपले.
- पिवळसर ते निळा रंग: अति घट्ट समायोजन किंवा ग्रीसचा अभाव. पोलादावर पिवळसर छटा सुमारे 200 अंशांपुढे आणि निळी सुमारे 300 अंशांजवळ येते. अशा पोलादाचा कठीणपणा गेलेला असतो. निळे पडलेले बेअरिंग कितीही गुळगुळीत दिसले तरी टाकून द्यावे.

शेवटी स्पिंडल पाहावा. बेअरिंगची आतली कडी (कोन) स्पिंडलवर हाताने सरकते, हे योग्यच आहे. मात्र तेथे बोटाला लागणारी खोल चर पडली असेल, तर कडी स्पिंडलवर घसरत फिरली आहे आणि स्पिंडल बदलावा लागतो. सीलचा ओठ टेकतो त्या पट्टीवर चर असेल, तर नवे सीलही गळेल. स्पिंडलच्या आतल्या पितळी बुशवर किंवा नीडल बेअरिंगवरही याच वेळी नजर टाकून ग्रीस लावावे.

## टप्पा 4: कप बदलणे

बेअरिंग चांगले असेल, तर हा टप्पा वगळून पुढे जावे. चांगला कप उगीच काढू नये.

जुना कप काढण्यासाठी हबच्या आतल्या खाचांमधून पितळी ड्रिफ्ट कपाच्या मागच्या काठावर टेकवावी आणि एकदा एका बाजूला, एकदा समोरच्या बाजूला असे ठोके द्यावेत. एकाच बाजूला ठोकल्यास कप तिरका होऊन हबच्या भिंतीला ओरखडा पाडतो. नवा कप काही तास फ्रीझरमध्ये ठेवल्यास तो किंचित आकसतो आणि बसवणे सोपे जाते. जुन्या कपाची बाहेरची बाजू घासून थोडी लहान केल्यास नवा कप आत लोटण्यासाठी तो उत्तम साधन ठरतो.

ठोकताना आवाजाकडे लक्ष द्यावे. कप सरकत असेपर्यंत आवाज बोदा येतो. तो खांद्यावर टेकला, की ठोक्याचा आवाज एकदम टणक होतो आणि हातोडी उसळते. आवाज बदलल्यानंतरही पूर्ण वर्तुळात हलके ठोके देत एक फेरी मारावी.

> तपासणी: कप आणि हबचा खांदा यांच्यामधील खाचांतून 0.05 मिमीची फीलर पट्टी (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहावी. ती कोठेही आत जाता कामा नये. किंचित वर राहिलेला कप आज घट्ट वाटतो, परंतु काही दिवसांत तो तळाला बसतो आणि केलेले समायोजन सैल पडते. "बरोबर आवळले होते, तरी प्ले आला" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

## टप्पा 5: ग्रीस भरणे

हात धुऊन कोरडे करावेत. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा, कोनाची रुंद बाजू खाली धरावी आणि तिची कड तळहातावर दाबत ग्रीस आत रेटावे. रोलरच्या वरच्या अरुंद बाजूने ग्रीसचे बारीक दोरे बाहेर डोकावेपर्यंत एकाच जागी दाबत राहावे आणि मगच बेअरिंग थोडे फिरवून पुढची जागा घ्यावी. बाहेरून ग्रीस चोपडलेले बेअरिंग भरलेले दिसते, पण जाळीच्या आत कोरडे असते आणि पहिल्या लांब प्रवासातच तापते.

हबच्या पोकळीत कपाच्या आतल्या व्यासाच्या पातळीपर्यंत ग्रीसचा थर द्यावा, म्हणजे उभ्या बेअरिंगमधून ग्रीस बाहेर सरकू पाहिले तर त्याला बांध मिळतो. पोकळी गच्च भरू नये. जास्तीचे ग्रीस सतत घुसळले जाऊन तापते, प्रसरण पावते आणि सील ढकलून ब्रेकवर येते.

## टप्पा 6: आतले सील

ग्रीस भरलेले आतले बेअरिंग कपात ठेवून सील बसवावे. सीलचा स्प्रिंग असलेला ओठ बेअरिंगच्या बाजूला यावा. ठोकण्यासाठी सीलच्या काठाएवढी सपाट लाकडी फळी किंवा मोठा सॉकेट वापरावा. हातोडी थेट सीलवर मारल्यास त्याची कड वाकते. ओठाला ग्रीसचा पातळ थर द्यावा, कारण कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. जुने सील कितीही चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. ते निघताना त्याची लोखंडी कड हमखास वाकलेली असते.

## टप्पा 7: समायोजन

टेपर रोलर बेअरिंगचे समायोजन किती नाजूक असते, हे आकड्यांत पाहणे उपयोगी आहे. स्पिंडलच्या आट्यांचा पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतर) 1.5 मिमी धरला, तर नट केवळ 15 अंश फिरल्याने तो सुमारे 0.06 मिमी सरकतो. अनेक गाड्यांत अनुज्ञेय अक्षीय प्ले (हबची आत-बाहेर हालचाल) 0.03 ते 0.13 मिमीच्या आसपास असतो. म्हणजे नटाच्या एका बोटभर फेरीने बेअरिंग योग्य स्थितीतून अयोग्य स्थितीत जाते. हाताच्या अंदाजावर विसंबणे येथे चुकीचे ठरते ते यामुळेच.

1. हब स्पिंडलवर सरळ रेषेत सरकवावा. तो खाली झुकला, तर नव्या सीलचा ओठ स्पिंडलच्या आट्यांवर कापला जातो. हबचे वजन दोन्ही हातांनी पेलून धरावे आणि बाहेरचे बेअरिंग आत जाईपर्यंत सोडू नये.

2. थ्रस्ट वॉशरची जीभ स्पिंडलच्या खाचेत बसवून नट हाताने लावावा. कॅलिपर अजून लावलेला नसावा, आणि ड्रम असल्यास शू कोठेही घासत नसावेत. ब्रेकचे घर्षण बेअरिंगचे समजले गेले, तर पुढची सर्व मोजमापे खोटी ठरतात.

3. हब एका हाताने सतत फिरवत नट बैठकीच्या टॉर्कपर्यंत आवळावा. तो बहुतेक गाड्यांत 50 ते 70 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. त्यानंतर हब दोन्ही दिशांना अनेक फेरे फिरवून पुन्हा टॉर्क तपासावा. नट जवळजवळ नेहमीच आणखी थोडा फिरतो. रोलर कोनाच्या रुंद बाजूच्या काठाशी आपली जागा घेतात आणि दाबलेले ग्रीस बाजूला सरते, म्हणून हे घडते. नट फिरायचा थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. हब न फिरवता आवळल्यास रोलर तिरके राहतात आणि टॉर्क पान्यावरचा आकडा अर्थहीन ठरतो.

4. नट सैल करावा. किती सैल करायचा, हे मॅन्युअल सांगते. जीप सीजेमध्ये सुमारे 68 न्यूटन-मीटरपर्यंत आवळून नट फेरीच्या सहाव्या भागाइतका मागे घ्यायचा असतो. लँड क्रूझरमध्ये नट सैल करून पुन्हा हलका आवळायचा आणि हब फिरवण्यासाठी लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजायचा असतो. पहिली पद्धत किंचित प्ले ठेवते, दुसरी किंचित प्रीलोड (बेअरिंगवर आधीच राहणारा दाब) देते. एका गाडीची पद्धत दुसरीला लावणे ही गंभीर चूक आहे, आणि ती अनुभवी मेकॅनिककडूनही होते.

5. प्लेच्या पद्धतीत: डायल गेजचा पाय हबवर आणि टोक स्पिंडलच्या तोंडावर टेकवावे. हब दोन्ही हातांनी सरळ आत ढकलावा, मग सरळ बाहेर ओढावा. तो डोलवू नये. दोन वाचनांतील फरक म्हणजे अक्षीय प्ले.

6. प्रीलोडच्या पद्धतीत: नट पूर्ण सैल असताना स्प्रिंग काटा चाकाच्या स्टडला अडकवून, त्रिज्येला काटकोनात ओढून, केवळ सीलच्या घर्षणाचा आकडा आधी नोंदवावा. समायोजनानंतर पुन्हा मोजून त्यातून तो वजा करावा. हब फिरू लागताना लागणारा आकडा आणि फिरत असतानाचा आकडा वेगळे असतात. त्यापैकी कोणता घ्यायचा हे मॅन्युअलमध्ये पाहावे.

## टप्पा 8: लॉक करणे आणि पुन्हा मोजणे

नव्या लॉक वॉशरची जीभ स्पिंडलच्या खाचेत पूर्ण बसली आहे, हे टॉर्चने पाहावे. जीभ खाचेबाहेर राहून लॉकनट आवळला गेला, तर ती तुटते, वॉशर नटांबरोबर फिरतो आणि चालत्या गाडीत दोन्ही नट सुटू लागतात. या कामातील हा सर्वांत धोकादायक दोष आहे.

आतला नट स्थिर धरून लॉकनट ठरलेल्या टॉर्कने आवळावा. लॉकनट आवळल्याने आतल्या नटाच्या आट्यांमधील मोकळीक दबते आणि तो आतल्या बाजूला किंचित ढकलला जातो. म्हणजे वॉशरपूर्वी अचूक असलेले समायोजन आता घट्ट झालेले असते.

> तपासणी: लॉकनट आवळल्यानंतर प्ले किंवा प्रीलोड पुन्हा मोजावा. शेवटचे माप हेच खरे माप होय. ते मर्यादेबाहेर गेले असेल, तर लॉकनट काढून आतला नट थोडा बदलावा आणि पुन्हा लॉक करून मोजावे. दोन-तीन वेळा हे करावे लागले, तर त्यात कंटाळण्यासारखे काही नाही.

माप बरोबर आल्यावर वॉशरचा एक कान आतल्या नटावर आणि दुसरा लॉकनटाच्या सपाट बाजूवर घट्ट वाकवावा. अर्धवट वाकवलेला कान काही पकडत नाही. कान वाकवण्यासाठी समोर सपाट बाजू येत नसेल, तर लॉकनट सैल न करता किंचित पुढे आवळावा आणि पुन्हा मोजावे.

## टप्पा 9: उरलेली जोडणी

फ्लँज किंवा फ्री-व्हीलिंग हब नव्या गॅस्केटसह बसवावा, शाफ्ट बाहेर ओढून सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्याचे पाहावे. फ्री-व्हीलिंग हबमध्ये ग्रीसचा पातळ थर पुरेसा आहे. तो बेअरिंगप्रमाणे गच्च भरल्यास आतले दात वेळेवर गुंतत नाहीत, आणि हे नेमके चिखलात उतरल्यावर लक्षात येते. डिस्कवर उमटलेले ग्रीसच्या बोटांचे ठसे ब्रेक क्लीनरने पुसून मग कॅलिपर लावावा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत.

गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल काही वेळा दाबून ते कडक झाल्याची खात्री करावी. कॅलिपर काढताना पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिले पेडल तळाला जाते.

## टप्पा 10: रस्त्यावरची चाचणी आणि फेरतपासणी

10 ते 15 किमी सपाट रस्त्यावर, ब्रेक शक्य तितका कमी वापरत गाडी चालवावी आणि ती आपोआप थांबू द्यावी. दोन्ही हबच्या मध्यभागी हाताची मागची बाजू टेकवून उष्णतेची तुलना करावी. दोन्ही सारखेच कोमट असणे योग्य आहे. एक बाजू स्पष्टपणे गरम लागली, तर तेथे बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरतो आहे. चाक उचलून हाताने फिरवल्यावर यातील नेमके कारण कळते. ब्रेक न धरता हब गरम राहत असेल, तर पुढे न जाता समायोजन पुन्हा करावे. घट्ट बेअरिंग चालवून सैल होत नाही, ते जळते.

प्ले अधिक राहिला असेल, तर त्याची खूण पेडलवर दिसते. खराब रस्त्यावर डिस्क डोलून पॅड मागे ढकलते आणि त्यानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो. असे जाणवताच ब्रेकची हवा काढण्याआधी हब तपासावा.

चाकाचे नट 50 ते 100 किमीनंतर पुन्हा टॉर्क करावेत. नवे कप बसवले असतील, तर काही शे किलोमीटरनंतर चाक उचलून प्ले पुन्हा पाहावा. टायरच्या काठावर हाताला किंचित हालचाल जाणवली, म्हणून लगेच नट आवळायला धावू नये; हबवरील सूक्ष्म प्ले टायरच्या काठावर मोठा होऊन जाणवतो. निर्णय डायल गेजच्या वाचनावरच घ्यावा.

## पाण्यातून गेल्यानंतर

तापलेला हब थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी ओढले जाते. हीच क्रिया अ‍ॅक्सलमध्येही घडते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) चिखलाने बंद असेल तर अ‍ॅक्सलला हवा घेण्यासाठी सीलखेरीज दुसरा मार्गच उरत नाही. त्यामुळे प्रत्येक हब-कामाबरोबर ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहावी आणि शक्य असल्यास तिचे टोक इंजिनच्या खोलीत उंचावर न्यावे. खोल पाणी ओलांडण्यापूर्वी थोडा वेळ थांबून हब निवू द्यावेत.

हबच्या वर पाणी आलेल्या प्रवासानंतर गाडी दीर्घकाळ उभी करण्याआधी एका बाजूचे फ्लँज उघडून ग्रीसचा रंग पाहावा. ते दुधाळ असेल, तर दोन्ही बाजू त्याच आठवड्यात धुऊन नव्याने भराव्यात. चालत्या गाडीत ओले ग्रीस काही काळ तरी रोलरवर पसरत राहते. उभ्या गाडीत तेच पाणी रोलरच्या टेकणीपाशी साचून कपावर त्या काळ्या रेषा ओढते.